घोडा नव्हे, लगाम!

मराठी भाषेनं बंदुकीच्या बाबतीत एक मोठा घोटाळा करून ठेवला आहे. ज्या भागावर बोट ठेवून बंदूक उडवतात, त्याला आपण घोडा म्हणतो. काही चिकित्सक लोक त्याला चाप म्हणतात आणि बंदुकीच्या पाठीवरच्या हातोडीला घोडा म्हणतात. आमच्या वाशीम जिल्ह्यात एवढी चिकित्सा करायला कोणाला वेळ नाही, म्हणून वरचाही घोडा आणि खालचाही घोडा. आता घोडा म्हटलं की पळणं आलं. पळणं आलं की तो अधिक जोरात कसा पळेल, अधिक हलक्या टाचेनं कसा उधळेल, ही काळजी आलीच. माझं स्पष्ट म्हणणं असं आहे की, हा शब्द ज्यानं रूढ केला त्यानं वरात पुष्कळ पाहिली असेल, पण बंदूक नीट पाहिली नसावी. त्या भागाचं खरं नाव लगाम असायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला काय कळतं बंदुकीतलं? प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. जत्रेतले फुगेसुद्धा मी दुसऱ्यानं फोडलेले पाहिले आहेत. पण मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि बरीच वर्षं माझ्या टेबलावरून शस्त्रपरवान्यांची कागदपत्रं गेली. बंदूक मी कागदावर जितकी पाहिली आहे, तितकी शिकाऱ्यानं जंगलात पाहिली नसेल. कागदावरची बंदूक फार शिकवते. ती कोणाच्या आजोबांची, कोणाकडे वारसानं आली, कोणत्या कामासाठी दिली, हे सगळं तिच्या कपाळावर लिहिलेलं असतं. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा झाला, त्याआधी असल्या कागदांसाठी आमच्या भागातल्या माणसाला अकोल्याचे खेटे घालावे लागत. परवाना हातात पडेपर्यंत माणसाचा राग शांत झालेला असे. हा त्या खेट्यांचा मोठाच सामाजिक उपयोग होता, असं माझं आजही मत आहे.

तर सांगायची गोष्ट अशी. आमचे साडूभाऊ मानोरा तालुक्यात शेती करतात. त्यांच्या घरी वारसानं आलेली ३१५ बोअरची रायफल आहे. या ३१५ ची कुळकथा गमतीची आहे. इंग्रज सरकारनं लष्करी मापाची ३०३ सर्वसामान्यांना बंद केली. शिपायाची गोळी रयतेच्या बंदुकीत बसता कामा नये, हा त्यामागचा धूर्तपणा. मग रयतेतल्या हौशी लोकांसाठी निराळं माप निघालं, ते हे ३१५, म्हणजे आठ मिलिमीटर. पुढं बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानंही या मापाच्या रायफली काढल्या. एकूण घराणं ली-एन्फिल्डचंच. फक्त आडनाव बदलून नांदायला आलेलं.

साडूभाऊंच्या या रायफलीचा चाप झिजला. जुन्या रायफलीच्या चापाला दोन टप्पे असतात. पहिला टप्पा सैल जातो, मग बोटाला एक स्पष्ट अडसर लागतो आणि तो अडसर ओलांडला तरच गोळी सुटते. साडूभाऊंच्या रायफलीतला तो अडसरच हरवला. बोट कुठं थांबायचं हे बोटाला कळेना. अशी रायफल भरून खांद्याला लावणं म्हणजे ब्रेक नसलेली बैलगाडी उतारावर सोडणं. साडूभाऊंनी शहाणपणानं ती रिकामी करून कुलुपात ठेवली, आणि चाप बदलायचा कुठला, या प्रश्नावर आमच्या वाशीमच्या घरी एका रविवारी परिषद भरली.

परिषदेत तीन पक्ष होते. पहिला पक्ष साडूभाऊंच्या चिरंजीवांचा. हा मुलगा एअर रायफल चालवतो, बऱ्यापैकी चालवतो. त्याचा आग्रह असा की, आता चाप बदलायचाच आहे तर सगळ्या रायफलीचंच रूपांतर करून टाकू. नवा दस्ता, वर दुर्बीण आणि परदेशी बनावटीचा हलका चाप. तो आत शिरताच म्हणाला, "काका, अख्खा ट्रिगर ग्रुपच बदलू."

आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बदलायचा कशाला? पटत नसेल तर सरळ लेफ्ट हो."

मग ट्रिगर ग्रुप म्हणजे चाप, त्याची स्प्रिंग, आतला अडकवून धरणारा दात आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या खिळ्या, असा सगळा कुटुंबकबिला, हे त्यानं मावशीला समजावून सांगितलं. मावशीनं पोहे परतता परतता ते समजून घेतलं आणि "मग ग्रुप नव्हे, फॅमिली म्हण की," एवढीच दुरुस्ती सुचवली.

दुसरा पक्ष गावातल्या मिस्त्रीचा. हा गृहस्थ साडूभाऊंच्या बरोबर केवळ बाजार करायला आला होता, पण चर्चेत लोखंडाचा विषय निघाल्यावर त्याला गप्प बसवेना. "कायले नवा घेता? मी कानस मारून देतो ना. लोण्यावानी चालीन," तो म्हणाला.

तिसरा पक्ष खुद्द साडूभाऊंचा. त्यांचं म्हणणं दोन वाक्यांत आटोपलं. "मले का ऑलिम्पिकले जा लागते? पह्यले होता तसाच जड बसवून द्या."

मी साडूभाऊंच्या पक्षाचा आहे आणि हा सगळा प्रपंच त्या पक्षाचा प्रचार म्हणूनच मांडला आहे. निःपक्षपातीपणाची अपेक्षा करणाऱ्या वाचकानं इथंच पान उलटावं.

आधी मिस्त्रीचा समाचार घेतो. आमच्या वऱ्हाडातल्या मिस्त्रीबद्दल मला अपार आदर आहे. सोयाबीनचं मळणीयंत्र ऐन हंगामात बंद पडावं, आणि त्यानं सायकलच्या स्पोकची तार आणि ट्यूबची पट्टी लावून ते अर्ध्या तासात सुरू करावं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच्या हाताला जो गुण आहे तो कोणत्याही पदवीत नाही. पण मळणीयंत्र आणि बंदूक यांत एक फरक आहे. मळणीयंत्र चालावं म्हणून आपण धडपडतो. बंदूक बहुतेक वेळ चालू नये म्हणून धडपडायचं असतं. कानस मारली की चाप लोण्यासारखा चालतो हे खरं आहे. कारण आतला दात जिथं अडकतो ती कडाच झिजून जाते. मग तो चाप लोण्यासारखा चालतो आणि लोण्यासारखा वितळतोही. रायफलीचा दस्ता जरा खाटेवर आपटला की आपोआप बार. वरचा कठीण पोलादी थर एकदा कानशीनं गेला की तो परत लावता येत नाही, हेही मिस्त्रीच्या हिशोबात नसतं.

शिवाय कायदा आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम काढून पाहा. त्याच्या दुसऱ्या कलमात 'शस्त्र' म्हणजे काय ते सांगितलं आहे आणि त्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही धरले आहेत. म्हणजे करंगळीएवढा तो लोखंडाचा तुकडा कायद्याच्या दृष्टीनं शस्त्रच. पाचव्या कलमानं शस्त्र बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, त्याचं रूपांतर करणं या सगळ्या धंद्यांना परवाना लागतो. दहाव्या कलमानं ते परदेशातून आणायलाही लागतो. चिरंजीवांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काका, एवढ्याशा तुकड्याला?" मी म्हटलं, "बाबा, माणसाची जीभ तरी केवढी असते?"

पुष्कळांना हे कायदे जाच वाटतात. मला तेही पटत नाही. चाप बसवणाऱ्या माणसाच्या नावाचा कागद कुठंतरी असावा, उद्या काही झालं तर 'कोणी बसवला होता?' या प्रश्नाला उत्तर असावं, एवढंच कायद्याचं मागणं आहे. आपण चारशे रुपयांच्या मिक्सरची पावती तीन वर्षं जपून ठेवतो. मग माणसाचा जीव घेऊ शकणाऱ्या वस्तूची जबाबदारी कोणाच्या तरी सहीवर असावी, यात जाच कसला? असा परवानाधारक कारागीर प्रत्येक तालुक्याला सापडत नाही, त्याच्याकडे जायला दिवस मोडतो, तिथं थांबावं लागतं, हे सगळं खरं. पण दातदुखीसाठी आपण अकोल्याला जातोच की. गावातल्या लोहाराकडे सांडशी आहे म्हणून काही कोणी तिथं तोंड उघडून बसत नाही.

आता चिरंजीवांचा पक्ष. हा पक्ष अधिक धोक्याचा, कारण तो शिकलेला आहे आणि त्याच्याकडे कॅटलॉग आहे. कॅटलॉगचा रोग फार वाईट. लग्नाच्या मुलाला स्थळांचा आणि हौशी माणसाला सुट्या भागांचा कॅटलॉग हातात देऊ नये. दोघांनाही घरातलं काहीच चांगलं दिसेनासं होतं.

पण त्याची बाजू मी प्रामाणिकपणे मांडतो. तो म्हणतो, नेम धरल्यावर जड चाप ओढताना सगळी रायफल हलते आणि गोळी भलतीकडं जाते. खरं आहे. जुन्या ३०३ च्या चापाला दुसऱ्या टप्प्यावर पाच ते साडेसहा पौंडांचा जोर लागे, म्हणजे जवळजवळ अडीच-तीन किलो. एका बोटानं वाण्याच्या दुकानातून अडीच किलो तुरीची डाळ उचलून आणा, म्हणजे कल्पना येईल. उलट स्पर्धेतल्या एअर रायफलचा चाप काही ग्रॅमवर सुटतो. त्याला किमान वजनाचं बंधनच नाही. एअर पिस्तुलाला मात्र किमान ५०० ग्रॅमचं बंधन आहे आणि स्पर्धेपूर्वी पंच चापाला वजन अडकवून ते उचललं जातं का, हे पाहतात. अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवलं ते दहा मीटर एअर रायफलमध्ये. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. ही मंडळी बैलगाडीच्या ब्रेकसारखा चाप ओढून काही पदकं आणत नाहीत. इथपर्यंत चिरंजीवांचं सगळं मान्य.

पण तो हलका चाप कुठं चालतो, हे पाहा. तिथं रायफलीचं तोंड सदैव निशाणाकडं. हुकूम झाल्याशिवाय छर्रा भरायचा नाही. समोर कागद आणि कागदामागं अडथळा. मध्ये माणूस येण्याचा प्रश्नच नाही. हात उबदार, दिवा लख्ख, मागं प्रशिक्षक, बाजूला पंच. अशा ठिकाणी चापाचा लगाम सैल सोडता येतो, कारण बाकीचे दहा लगाम दुसऱ्यांच्या हातात घट्ट असतात. आणि तरीही नाजूक यंत्र ते नाजूकच. २०२१ साली टोकियोला मनू भाकरचं पिस्तूल ऐन प्राथमिक फेरीत बिघडलं. ते ठाकठीक करण्यात मोलाची मिनिटं गेली आणि तिची अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तिच्याजवळ जगातली उत्तम मदत हाताशी होती. मानोऱ्यात पौषातल्या रात्री अडीच वाजता अशी कोणती मदत मिळणार?

तेव्हा आता मानोऱ्याला चला, कारण खरा प्रश्न तिथं आहे.

आमच्या भागात रात्री पिकाला रोही पडतात. रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी हे जनावर कुरंगांच्या गोतातलं, आणि आशियातल्या त्या गोतात देहानं सगळ्यांत थोर. सात-आठ रोही तुरीत शिरले की सकाळी उरतं ते फक्त पीककर्ज. रानडुकरांची तर गोष्टच सोडा. ते खातात थोडं आणि उकरतात फार, चौकशी समितीसारखं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं दोघांनाही संरक्षण आहे. उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या जनावराबद्दल अकराव्या कलमात परवानगीची वाट ठेवली आहे, पण ती परवानगी घ्यावी लागते. मनानं घोडा दाबायचा नाही. शस्त्र कायद्यालाही शेतकऱ्याच्या या दुःखाची कल्पना आहे. त्याच्या तेराव्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा मुद्दाम उल्लेख आहे. म्हणजे दिल्लीला बसून कायदा लिहिणाऱ्यांनाही शेतात रात्री जागणारा माणूस दिसला होता. हे लिहून ठेवण्याजोगं आहे, कारण तो फार वेळा दिसत नाही.

साडूभाऊ रात्री जागलीला जातात. रायफल घराच्या आणि जिवाच्या रक्षणाची म्हणून मिळालेली. तिनं त्यांनी आजवर एकही जनावर मारलेलं नाही. रोही हाकलायला ते पत्र्याचा डबा वाजवतात. मग रायफल कशाला नेता, असं मी त्यांना विचारलं होतं. "डबा रोह्यासाठी, बंदूक माह्यासाठी," ते म्हणाले. एकट्या माणसाला रात्री शेतात कशाचा तरी धीर लागतो. कोणाला हनुमान चालिसा पुरते, कोणाला बंदूक.

आता ते चित्र डोळ्यांपुढं आणा. थंडीनं बोटं आखडलेली. बोटाला स्पर्श कळत नाही, कळतो फक्त जोर. डोळ्यांवर झोप. तुरीची ओळ माणसाच्या डोक्याइतकी उंच. मध्येच खसखस होते. बॅटरीच्या उजेडात काहीतरी करडं हलतं. ते रोही असेल, किंवा शेजारचा शेतकरी असेल, घोंगडी पांघरून त्याच रोह्याच्या मागं आलेला. रानडुक्कर समजून झाडलेली गोळी माणसाला लागली, अशा बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांतून आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या बातमीतल्या दोन्ही घरांची चूल त्या दिवशी विझते, मेलेल्याची आणि मारणाऱ्याचीही. अशा वेळी मनात शंका येते ती अर्ध्या क्षणापुरती. तो अर्धा क्षण बोटाला मिळवून देण्याचं काम चापाचा पहिला टप्पा आणि मग लागणारा अडसर करतो. 'साडूभाऊ, नक्की ना?' असं तो अडसर विचारतो. ग्रॅमवर सुटणारा चाप काही विचारत नाही. शंका मनात येण्याआधी गोळी निघून गेलेली असते.

मला साडूभाऊंचं एक वाक्य त्या परिषदेत फार आवडलं. चिरंजीव हलक्या चापाचे गुण गात होते, तेव्हा ते सुपारी कातरत म्हणाले, "चाप जड होता म्हनून तर मी आजलोक जेलात नाई गेलो." बंदूक या विषयावर आजवर जे काही मी वाचलं, त्यात एवढं शहाणं वाक्य मला आढळलेलं नाही.

रूपांतराबद्दलही चिरंजीवांना मी दोन शब्द सुनावले. रायफलीचं रूपांतर ही काही कॅटलॉगवाल्यांची नवी विद्या नव्हे. आपल्या देशात ती सरकारनंच मोठ्या प्रमाणावर केली आहे. १८५७ च्या धसक्यानंतर इंग्रजांनी देशी शिपायांना आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या, कारण नळीत आटे असले की नेम चांगला लागतो आणि नेम आपल्यावरच लागायचा! पुढं ईशापूरला ३०३ रायफलींची नळी आतून गुळगुळीत करून ४१० च्या मस्केटी बनवल्या आणि त्या पोलिसांच्या, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांच्या हाती दिल्या. हे रूपांतर म्हणजे सरळसरळ पदावनती. मग स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकात, त्याच ईशापूरनं त्याच घराण्याची ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली. तिला अधिक कणखर पोलाद वापरलं, गोळ्यांची पेटी बदलली, माप तर बदललंच. पण चापाची दोन टप्प्यांची रीत तशीच ठेवली. एवढे मोठे इंजिनिअर एवढं सगळं बदलायला निघाले आणि त्यांनी लगामाला हात लावला नाही, यात काही अर्थ असेल की नाही?

आणि ज्यांनी लगामाच्या बाबतीत हयगय केली त्यांची कथा अमेरिकेत घडली आहे. तिथं रेमिंग्टन ७०० नावाची फार खपाची रायफल १९६२ पासून आहे. तिच्या जुन्या चापाबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी होत्या की, बोट न लावताही ती कधीकधी उडते. तो चाप ज्यानं आखला होता त्या माइक वॉकरनंच १९४८ साली, म्हणजे ही रायफल बाजारात येण्याच्या कितीतरी आधी, एक सुधारणा सुचवली होती. तिचा खर्च बंदुकीमागं साडेपाच सेंट. तो वाचवण्यात आला. २००० साली मोंटाना राज्यात एका आईनं शिकारीहून परतल्यावर रायफल रिकामी करण्यासाठी तिची कळ सरकवली. रायफल उडाली आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. कंपनीनं दोष कबूल केला नाही. पण पुढं नव्या पद्धतीचे चापही २०१४ साली तिला परत मागवावे लागले, आणि न्यायालयातल्या तडजोडीत सुमारे ७५ लाख बंदुकांच्या मालकांना चाप बदलून देण्याची योजना आली. साडेपाच सेंट! आमच्याकडे तेवढ्यात चहाचा कपसुद्धा विसळून मिळत नाही.

हे ऐकून चिरंजीव गप्प झाले. हुशार मुलगा आहे. मुद्दा पटला की उगाच तोंड चालवत नाही. ती हुशारी त्याच्या आईकडून आलेली, असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं आहे.

तेव्हा चाप निवडायचा कसा, याबद्दल या कागदी शिकाऱ्याचे चार शब्द ऐका. तो किती हलका आहे हे शेवटी विचारा. आधी विचारा की तो रोज, प्रत्येक वेळी, त्याच ठिकाणी आणि तेवढ्याच जोरावर सुटतो का. जड चालेल, लहरी चालणार नाही. खडखडीत जड आणि स्वच्छ जड यांत फरक आहे. नवा चांगला चाप जड असूनही गुळगुळीत असू शकतो आणि चिरंजीवांची निम्मी तक्रार तिथंच मिटते. मग विचारा, बंदूक आपटली, पडली, तर तो धरून ठेवतो का. मग विचारा, धूळ, दव, तुरीचा पाला आत गेला तर तो जाम होतो का. उद्या स्प्रिंग तुटली तर दुसरी मिळेल का. आणि सगळ्यांत शेवटी हे विचारा की, तो बसवणारा माणूस कागदावर सही करायला तयार आहे का. पहिल्या चार प्रश्नांना 'हो' म्हणणारे दुकानदार पुष्कळ भेटतील. पाचव्या प्रश्नाला निम्मे लोक चहा मागवतात.

साडूभाऊंच्या रायफलीला अखेर मूळच्याच धर्तीचा, दोन टप्प्यांचा चाप परवानाधारक कारागिराकडून बसवायचं ठरलं. वेळ लागणार आहे. तोवर जागलीला डबा एकटाच जाईल. दुर्बीण आणि नवा दस्ता हे विषय पुढच्या परिषदेवर ढकलले आहेत. चिरंजीवांनी आपला हलका चाप आपल्या एअर रायफलवर ठेवावा, तिथं तो शोभतो. आणि एक दिवस आमच्या वाशीमचं नाव वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर आणावं. गुन्हेगारीच्या पानावर आणू नये, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

हलक्या चापाची ही आवड नुसत्या बंदुकीपुरती असती तर मी एवढा पेटलो नसतो. पण हल्ली सगळ्यांचेच चाप ग्रॅमवर आले आहेत. रस्त्यावर सिग्नलचा रंग बदलायच्या आत मागच्याचा हॉर्न सुटतो. मोबाइलवर काही वाचून व्हायच्या आत ते पन्नास जणांना गेलेलं असतं. लग्नाच्या वरातीत उत्साहाच्या भरात हवेत बार काढणारे वीर आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यांच्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी सोय केली, तरी ते आहेतच. वरातीत एक घोडा पुरे असतो, तोही नवरदेवाच्या खाली. सगळ्यांना सुटायची घाई आणि अडसर कुणालाच नको. जो थांबून 'नक्की ना?' असं विचारतो तो जुनाट ठरतो, मग तो चाप असो, साडूभाऊ असोत की फाइलवर शेरा मारणारा कारकून असो.

कारकुनाला तर या बाबतीत फार शिव्या बसल्या आहेत. पण मी सांगतो, चांगला कारकून म्हणजे दोन टप्प्यांचा चाप. पहिल्या टप्प्यात तो अर्ज घेतो, दुसऱ्या टप्प्यात तो माणसाकडं पाहतो. आमच्या भाषेनं या दुसऱ्या टप्प्याला अडवणूक म्हणून टाकलं आहे. ज्या भाषेनं लगामाला घोडा म्हटलं, तिच्याकडून याहून वेगळी अपेक्षा तरी काय करायची!